चोर घरात, कोयता उशाला

वाचकाचं पत्र:

ताई, आम्ही नगर जिल्ह्यात गावापासून दीड किलोमीटरवर वस्तीवर राहतो. मी, बायको, ऐंशीची आई, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीवर रात्री अडीचच्या सुमारास चौघे जण घुसले. म्हातारीच्या गळ्यातली पोत ओढली, कानातलं हिसकताना कान फाटला, म्हाताऱ्याला टामीने मारलं. तेव्हापासून आमच्या घरात कोणी नीट झोपत नाही. मुलगा कोयता उशाला घेऊन झोपतो. मागच्या जाळीला रात्रीपुरता करंट सोडायचं त्याच्या मनात आहे. बंदुकीच्या परवान्याची चौकशीही करून आला. त्याच्या मोबाइलवर मेसेज आलाय की नवीन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे रात्री घरात शिरलेला चोर मारला तर गुन्हाच नाही. भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो, तो म्हणतो, इकडे सरळ गोळी घालतात. बायको म्हणते, चार तोळे गेले तरी चालतील, पोरगा आत जायला नको. कोणाचं खरं? कायदा चोराच्या बाजूने आहे का? जाता जाता सांगतो, पंधरा दिवसांमागे मुलाने रात्री कांदाचाळीत एक पोरगा पकडला, खांबाला बांधून चोपला. सकाळी कळलं की मेंढक्याचा पोरगा, कोकरू शोधत आला होता. चहा पाजून सोडून दिला. विषय तिथेच मिटला.

उत्तर:

दादा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही जे 'जाता जाता' लिहिलंय, तिथे मी शेवटी येणार आहे. आधी मेसेजचं बघू, कारण तुमच्या घरातलं निम्मं भांडण त्यावरून दिसतंय.

मेसेज खोटा नाही, अर्धा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली हे खरं. स्वसंरक्षणाची जुनी कलमं ९६ ते १०६ होती, ती आता ३४ ते ४४ झाली. आकडे बदलले, मजकूर जवळपास तोच राहिला. पूर्वी 'रात्रीची घरफोडी' असे शब्द होते, आता 'सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी' असं लिहिलंय. म्हणजे सरकारने परवा कोणाला नवी मुभा दिली असं काही झालेलं नाही. तुमच्या आजोबांनाही हाच हक्क होता, तो १८६० च्या कायद्यापासून चालत आला आहे. त्या कायद्याचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने केला. आयोगाचं मत असं पडलं की इथली माणसं स्वतःच्या बचावासाठी हात उचलायलाच कचरतात, तेव्हा या हक्काला फार कुंपणं घालू नयेत. त्यातला साहेबी तोरा सोडून द्या. फायदा घरमालकाला झाला.

तेव्हा कायदा चोराच्या बाजूने आहे का, तर नाही. आपला कायदा घाबरलेल्या घरमालकाला पुष्कळ सांभाळून घेतो. चिडलेल्या घरमालकाला मात्र घेत नाही. आणि रात्री अडीच वाजता एकच माणूस पाच मिनिटांत घाबरलेल्याचा चिडलेला होतो, सगळी अडचण तिथे आहे.

आता कलम ४१ पूर्ण सांगते. मालमत्तेचा बचाव करताना समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हक्क जातो तो चार प्रसंगी. एक, जबरी चोरी. दुसरा, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी. तिसरा, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या इमारतीला आग लावणं किंवा स्फोटकाने नासधूस करणं. चौथा प्रसंग म्हणजे चोरी, नासधूस किंवा घरात घुसणं अशा परिस्थितीत घडतंय की हक्क वापरला नाही तर आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल, अशी रास्त भीती वाटावी. मेसेज इथे संपतो. पण कलमाच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय की हे सगळं कलम ३७ च्या मर्यादेत. आणि कलम ३७ म्हणतं, बचावासाठी जितकी गरज आहे त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही.

शिवाय 'घरफोडी' या शब्दाला कायद्यात नेमका अर्थ आहे. कुलूप उघडून, कडी तोडून, भिंत ओलांडून, कौलं काढून, खिडकीतून, थोडक्यात जिथून माणूस येऊ नये तिथून किंवा जोर लावून इमारतीत शिरणं. इमारत म्हणजे राहतं घर, देऊळ किंवा माल ठेवण्याची जागा. तुमची कांदाचाळ माल ठेवण्याची जागा म्हणून यात बसू शकेल, पण चाळीत उघड्या बाजूने कोणी नुसता आत आला तर ती घरफोडी होत नाही. आणि विहिरीवरच्या मोटारीची केबल कापणारा, डाळिंब तोडून नेणारा, ठिबकच्या नळ्या गुंडाळून नेणारा हा साधा चोर. त्याला अडवा, पकडा, झटापटीत दोन लाठ्या बसल्या तरी कायदा समजून घेईल. त्याचा जीव घ्यायचा हक्क कलम ४१ देत नाही. केबल पाच हजारांची असो की पन्नास हजारांची.

सेशन्स कोर्टात तीसेक वर्षं उभी राहिल्यावर मला एक सवय लागली आहे. अशी हकिगत कानावर आली की मी कलम नंतर बघते, आधी घड्याळ मांडते. कोण केव्हा कुठे उभा होता? तुमच्या घरापुरतं मांडून दाखवते.

रात्री अडीच. मागच्या दाराची कडी तुटल्याचा आवाज. मुलगा उठतो. पडवीत दोघे, एकाच्या हातात टामी, तो आजीच्या खोलीकडे वळतोय. मुलगा काठी घालतो, ती डोक्यात बसते, माणूस पडतो आणि मरतो. इथे मी तुमच्या मुलाच्या बाजूने छाती पुढे काढून उभी राहीन. काठी खांद्यावर का नाही मारली, असं कोणी विचारणार नाही. विचारलंच तर सर्वोच्च न्यायालयाने त्याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय: जिवावर बेतलेल्या माणसाने आपला घाव सोन्याच्या तराजूत तोलून घालावा अशी अपेक्षा नाही. २०१० सालच्या दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात न्यायालयाने या हक्काची सूत्रं एकत्र मांडली आहेत. भीती रास्त असली की पुरे, धोका खरोखर तेवढाच होता हे नंतर मोजत बसायचं नाही. पळून जायची वाट होती म्हणून पळायलाच हवं होतं असंही नाही. पण त्याच निकालात हेही आहे की हक्क भीतीबरोबर सुरू होतो आणि भीतीबरोबर संपतो, आणि सूड उगवायला तो वापरता येत नाही.

आता दोन पस्तीस. काठी चुकली, आरडाओरडा झाला, दोघे पिशवी टाकून कुंपणावरून उसात पळाले. मुलगा कोयता घेऊन मागे धावला, शंभर फुटांवर एकाला गाठलं आणि मानेवर घाव घातला. घर तेच, चोर तोच, रात्रही तीच. पण कलम ४३ सांगतं की रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हक्क ते घुसणं चालू आहे तोपर्यंत. चोर बाहेर पडला, माल टाकला, पाठ फिरवली, की जीव घेण्याचा हक्क तिथेच विझला. माल घेऊन पळत असेल तर पाठलाग करून माल सोडवता येतो, पण सोडवण्यापुरताच जोर लावायचा. उसातला घाव हा कलम १०३ चा विषय होऊ शकतो, म्हणजे सरळ खून. सद्भावनेने, आधी काही न ठरवता, बचावाच्या भरात मर्यादा ओलांडली गेली हे दाखवता आलं तर कलम १०१ मधल्या अपवादाने तो खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरतो. पण ती काही सुटका नव्हे. कलम १०५ खाली हेतू दिसला तर जन्मठेप, नाहीतर किमान पाच आणि कमाल दहा वर्षं. माणूस मरू शकतो याची नुसती जाणीव होती एवढंच दिसलं तरी दहा वर्षांपर्यंत. तुमचा नातू तोवर दहावीला पोचलेला असेल.

या दोन प्रसंगांत कोर्टाला फरक कसा कळतो, असं तुम्ही म्हणाल. रात्री साक्षीला कोण होतं? शरीर आणि घर, हेच दोन साक्षीदार. जखमा पुढून की पाठीवर, एक की नऊ. पडला तो पडवीत की उसात. कडी आतल्या बाजूला तुटून पडली आहे का. रक्ताचा माग कोणत्या दिशेने जातो. ११२ ला फोन किती वाजता लागला, आणि गावातल्या मित्राला त्याच्या आधी लागला होता का. शवविच्छेदनाचा अहवाल आणि मोबाइलच्या नोंदी एकमेकांशेजारी ठेवल्या की बरीचशी रात्र परत उभी राहते. मी एक प्रकरण चालवलं होतं, गावाचं नाव सांगत नाही. घरमालकाचं म्हणणं, झटापटीत एकच घाव बसला. शवविच्छेदनात सात निघाले, पैकी चार मनगटांवर, हात पुढे करून वाचवताना बसतात तसे. त्या दिवशी मी कोर्टातून बाहेर आले तेव्हा त्याच्या आईने मला विचारलं, 'काय झालं?' आणि मला उत्तर सुचलं नाही.

स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे. पण सरकारपक्षाला गुन्हा जसा निःसंशय सिद्ध करावा लागतो तसा आरोपीला बचाव सिद्ध करावा लागत नाही. आपलं म्हणणं जास्त संभवनीय आहे एवढं दिसलं तरी पुरतं. तेही सरकारपक्षाच्याच साक्षीपुराव्यातून दिसलं तरी चालतं.

भाच्याचं म्हणाल, तर तो थापा मारत नाही. टेक्सासचा कायदा फारच सैल आहे. रात्री चोरी करून माल घेऊन पळणाऱ्यावरही काही अटींवर तिथे प्राणघातक बळ वापरता येतं. पण त्याला त्याच देशातली दुसरी गोष्ट विचारा. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये शेजारच्या लुईझियाना राज्यात बॅटन रूज इथे सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी पार्टीला निघाला, चुकून भलत्याच घराची बेल वाजवली, आणि घरमालकाने त्याला दारातच गोळी घातली. फौजदारी खटल्यात घरमालक सुटला. दिवाणी दाव्यात मात्र मुलाच्या आईवडिलांना साडेसहा लाख डॉलरांच्या आसपास भरपाई द्यायचा आदेश झाला. कायदा सैल केला म्हणून चुकीच्या दारात उभा असलेला पोरगा ओळखू येत नाही.

आणि आपला कायदा ज्यांनी लिहिला त्या इंग्रजांच्या घरी काय झालं तेही ऐका. नॉरफोकमधला टोनी मार्टिन हा शेतकरी तुमच्यासारखाच एकट्या वस्तीवर राहायचा, आपल्याकडे वारंवार चोऱ्या होतात अशी त्याची तक्रार होती. ऑगस्ट १९९९ मध्ये रात्री दोघे घरात शिरले, त्याने अंधारात बिनपरवान्याच्या बंदुकीने गोळ्या झाडल्या, सोळा वर्षांचा एक मुलगा मेला. गोळी पाठीत लागली होती. २००० मध्ये खुनासाठी जन्मठेप झाली. पुढच्या वर्षी अपिलात शिक्षा पाच वर्षांवर आली, पण ती स्वसंरक्षण मान्य झालं म्हणून नव्हे, त्याच्या मानसिक अवस्थेमुळे. अर्धा इंग्लंड त्याच्या बाजूने होता. अर्ध्या देशाच्या पाठिंब्यानेही तो तुरुंगाबाहेर राहिला नाही.

आता करंट. इथे मी सल्ला देत नाही, हात जोडते. मुलाला ते करू देऊ नका. रात्रीपुरता नको, 'नुसता झटका बसेल एवढा' नको, पाटी लावूनही नको. बिहारमध्ये एकाने आपल्या संडासाच्या वाटेवर उघडी तार लावून तिच्यात वीज सोडली होती, का, तर शेजारची माणसं तिथे येऊ नयेत. शेजारीण तारेला लागून मेली. त्याने कोर्टात सांगितलं की ती विनापरवाना माझ्या जागेत आली होती, मी मालमत्तेचं रक्षण करत होतो. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. विनापरवाना आत आलेला माणूस कायद्याबाहेर फेकला जात नाही, त्याच्यासाठी जीवघेणा सापळा लावता येत नाही, हे त्या निकालाचं सार. तारेला समोरचा हत्यारबंद आहे की हात वर करून उभा आहे हे दिसत नाही, त्यामुळे तारेला स्वसंरक्षणाचा हक्क असूच शकत नाही. तेव्हा निष्काळजीपणाने मृत्यू म्हणून दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, आता कलम १०६ खाली ती पाच वर्षांपर्यंत आहे. माणूस मरेल हे माहीत असूनच तार लावली असं तपासात पुढे आलं तर सदोष मनुष्यवधाचं कलम लागतं, आणि घरची लाइन चोरून जोडली असेल तर वीजचोरी वेगळी. रानडुकरांसाठी लावलेल्या तारांनी आपल्याकडे किती शेतकरी आणि त्यांचीच पोरं गेली, हे तुम्हाला मी सांगायला नको. शेतकऱ्याची झटका मशीन वेगळी. ती सेकंदाच्या अगदी थोड्या भागापुरता झटका देते, तेवढ्यासाठीच बनवलेली असते. पण ती जनावरांसाठी शेताच्या कडेला. घराच्या जाळीला, जिथे नातवंडं चेंडू आणायला जातात, तिथे तीही नको.

कोयत्याबद्दल. शेतकऱ्याच्या घरात कोयता असणं गुन्हा नाही. पण मुलगा झोपेतून उठताना त्याच्या हातात पहिलं काय येतं याचा विचार करा. काठी हातात असेल तर माणूस अंतर राखतो. कोयत्याला जवळ जावं लागतं आणि त्याचा हलका घाव असा नसतोच. शिवाय घरात दोन लहान मुलं. रात्री पाणी प्यायला उठलेली आजी अंधारात कशी दिसते, हेही एकदा बघून ठेवा. चार-पाच फुटांची लाठी आणि डोळे दिपवणारी बॅटरी पुष्कळ झाली.

बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी देतात, पोलिसांचा अहवाल मागवून. मागायला हरकत नाही, कायदेशीर हक्क आहे. मात्र परवाना हा बंदूक बाळगण्याचा असतो. ती कोणावर चालवली तर मघाचं सगळं घड्याळ पुन्हा लागू होतं, फक्त आता शंभर फुटांवरचा पाठीवरचा घाव घालणं सोपं झालेलं असतं. माझं मत विचाराल तर चौघांच्या टोळीला अंधारात एक बंदूक रोखत नाही, आणि बंदूक चोरीला गेली तर पुढच्या वस्तीवर ती त्यांच्या हातात असते.

नकोशा रात्री खरंच काही घडलं, तर काय करायचं तेही लिहून ठेवते, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. आधी ११२. फक्त पत्ता, किती जण, कोण जखमी, एवढंच. चोर पडला असेल आणि निपचित असेल तर पुन्हा मारायचं नाही, १०८ ला फोन करून त्याच्यासाठी रुग्णवाहिका मागवायची. कसंतरी वाटेल, पण मागवायची. माणूस म्हणून ते करायचंच, आणि तुमच्या मनात सूड नव्हता याचा तेवढा बोलका पुरावा दुसरा मिळणार नाही. काठी धुवायची नाही, फरशी पुसायची नाही, तुटलेली कडी जागेवर राहू द्यायची. गावकरी जमतात, त्यांना पडवीत येऊ द्यायचं नाही. 'मीच मारला, मुलाने नाही' असली बापाची माया तर अजिबात नको. मी असे दोन बाप पाहिलेत, दोघांनीही खरा असलेला बचाव खोटा करून टाकला. पोलिस गुन्हा नोंदवतील, कदाचित मुलाला अटकही होईल. माणूस मेला आहे, ते नोंदवणारच; याचा अर्थ कोर्टाने त्याला दोषी धरलं असा नाही. अटक झाली तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर न्यावं लागतं, पहिल्या तासापासून वकील मागता येतो, आणि परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देतं.

पण ही वेळ येऊ नये यासाठीची कामं स्वस्त आहेत आणि तुमच्या पत्रात त्यातलं एकही नाही, याचं मला नवल वाटलं. आईची पोत आणि सुनेचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये टाका. रोज घालायला बेंटेक्स चालतं. मागच्या दाराला कडीबरोबर आतून लोखंडी आडणा बसवा. अंधार पडताच आपोआप लागणारे दिवे घराच्या चारी कोपऱ्यांना, आणि ते इन्व्हर्टरवर घ्या, कारण लाइट जाते त्याच रात्री ही मंडळी येतात. एक मोठा भोंगा. आतली एक खोली अशी ठरवा जिचं दार भक्कम आहे, मोबाइल तिथे चार्जिंगला असतो, आणि आवाज आला की मुलं-बायका-आई तिथे. कुत्रं तुमच्याकडे असेलच, नसेल तर पाळा. तुमच्या गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे का ते पोलीस पाटलांना विचारा. एका फोनवर सगळ्या गावाच्या मोबाइलवर हाक जाते, नगर-पुण्याकडे बऱ्याच गावांनी ती घेतली आहे. वहिनी म्हणतात ते खरं आहे, पण अर्धं. चार तोळेही जायला नकोत आणि पोरगाही.

आता त्या मेंढक्याच्या पोराकडे येते.

दादा, विषय मिटलेला नाही. चोर असो वा नसो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ४० प्रमाणे तुमच्यादेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला तुम्ही पकडू शकता, पण त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं असतं. खांबाला बांधून मारणं या कलमात बसत नाही. ज्या क्षणी त्याचे हात बांधले त्या क्षणी तुमच्या मुलाची भीती संपलेली होती, आणि भीती संपल्यावर जे झालं त्याला स्वसंरक्षण म्हणायला मीही धजणार नाही. डांबून ठेवणं आणि दुखापत करणं हे दोन्ही गुन्हे आहेत. हाड मोडलं असेल तर ती जबर दुखापत. पोरगा वयाने किती होता, हे तुम्ही लिहिलं नाही. त्याला दवाखान्यात नेलं का, तेही लिहिलं नाही.

आणि समजा त्याच्या वर्मी एखादा घाव बसला असता? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात चोर आले या अफवेवर दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक मारले गेले, आणि शंभराहून जास्त माणसं गजाआड गेली. २०२४ मध्ये ड्रोनच्या अफवांनी मराठवाड्यातली आणि पुण्याकडची गावं रात्र-रात्र काठ्या घेऊन जागत होती, तेव्हा मी रोज सकाळी पेपर धास्तीनेच उघडायचे. यातले बहुतेक लोक तुमच्या मुलासारखेच असणार, झोप उडालेले. आणि मार खाणारा दर वेळी पालातला, वाड्यावरचा, रस्त्यावरचा. गावातल्या सरपंचाचा पोरगा चाळीत सापडला असता तर आधी त्याला नाव विचारलं असतं ना?

मुलावर रागावू नका, त्याला हे पत्र वाचायला द्या. आणि त्याला बरोबर घेऊन त्या पोराच्या घरच्यांकडे जा. मारलं हे कबूल करा, तब्येत विचारा, दवाखान्याचा खर्च द्या, आणि तो तक्रार न करण्याच्या अटीवर देऊ नका. तक्रार त्यांनी केली तर तो त्यांचा हक्क आहे. त्यावर 'चोरीला आला होता' अशी उलट तक्रार लिहून द्यायचा सल्ला गावात कोणीतरी नक्की देईल, तो ऐकू नका, आता तुम्हाला खरं काय ते माहीत आहे. जायच्या आधी तालुक्याला एखाद्या वकिलाला भेटून घ्या.

पंधरा दिवस झालेत, मेंढ्यांचा वाडा तुमच्या शिवारातून हलला असेल. ज्यांच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या त्यांना पुढचा मुक्काम कुठे ते माहीत असतं. त्यांना आज संध्याकाळीच विचारा. आणि कोकरू सापडलं का, तेही त्या पोराला विचारा.